उद्दिष्टे, कमाल तीनशे शब्दांत

पहिल्या वर्षी मी सुरुवात केली होती
'अनादी काळापासून मानव आणि जल'पासून.
परत आलं.
समीक्षक क्रमांक दोन यांचं एकच वाक्य :
अर्जदाराला काय करायचं आहे, कळत नाही.

दुसऱ्या वर्षी काय करायचं ते लिहिलं. सगळंच.
बावीस बोड्या, चार तलाव, मासे, शेवाळ, बगळे,
पाण्याचा सामू, आणि शेवटी, असू द्यावं म्हणून,
महिला सक्षमीकरण.
शेरा आला, 'महत्त्वाकांक्षी.'
तो मी स्टाफरूममध्ये कौतुक म्हणून वाचून दाखवला.
डोंगरवार सर फोनवर खोकल्यासारखं हसले.
म्हणाले, तिथे नकाराला कोट घालून पाठवतात.

सर निवृत्त, साकोलीला असतात.
मुंग्यांवर तीन प्रकल्प मिळाले त्यांना,
न मिळालेले अकरा एका ट्रंकेत, तारीखवार.
अर्जुनीहून रविवारची बस धरून मी जाते
तर लाल पेन काढतच नाहीत,
माझंच वाक्य मोठ्याने वाचतात
आणि थांबतात,
मलाच ते ऐकवेनासं होईपर्यंत.
'यात माहीत नसलेलं काय आहे, बाई?
माहीत असलेल्याचे पैसे कोण देईल?'

मला माहीत नसलेलं
कौतिकाबाई वलथरेला माहीत होतं.
मच्छीमार सोसायटीच्या सभेत, लीजच्या भांडणात,
पदर खोचून ती साहेबाला म्हणाली :
'पाच साल झाले, दाडक येत नाई जाळ्यात.
जिथं आमी बेशरम उपटली तिथं येते,
नाई उपटली तिथं नाई.
काहून, ते आमाले नाई सांगता येत.
तुमाले येते?'
साहेब पंख्याकडे बघत राहिला.
मी हजेरीपटाच्या मागे उतरवून घेतलं, जसंच्या तसं.

सरांनी ते एकदाच वाचलं.
चष्मा काढला. 'कोणी लिहिलं हे?'
मग चहा टाकायला आत गेले,
आणि बराच वेळ चहा आला नाही.

आता उरलं होतं अंदाजपत्रक.
साधनसामग्री, प्रवास, मनुष्यबळ, आकस्मिक.
डोंग्याचं भाडं कशातच बसेना.
डोंगा साधन नाही (बिल नाही),
प्रवास नाही (तिकीट नाही).
टाकला आकस्मिकमध्ये.
कौतिका म्हणाली, 'आकस्मिक कसा? तो तं रोजच चालते.'

मनुष्यबळात मुख्य संशोधक मी.
सहसंशोधक : पीएचडी अनिवार्य.
सहायक : पदवीधर.
त्याखाली शेवटची चौकट : मजूर, अकुशल.
कंबरभर गढूळ पाण्यात उभी राहून
जी पायाच्या बोटांनी सांगते
ही गाद, हा चिला, हे देवधान,
इथं बोटरीनं अंडी घातली होती आखाडात,
तिला ठेवायला दुसरी चौकट नव्हती.
हेल्पलाइनवरचा मुलगा सौम्यपणे म्हणाला,
मॅडम, यादीत आहे तेच निवडा.

निवडलं.
खाली 'समर्थन' नावाचा रकाना होता, शंभर शब्दांचा.
त्यात पायाच्या बोटांबद्दल लिहिलं.
एकशे चार झाले.
'अत्यंत' काढला, 'महत्त्वपूर्ण' काढला,
आणखी दोन काढायला अर्धा तास गेला.

पाठवायच्या आदल्या संध्याकाळी
पाळीवर बसून तिला सगळं वाचून दाखवलं.
लपवायचं नाही असं ठरवून आले होते,
तरी त्या शब्दापाशी आवाज पडलाच.
तिने ऐकलं, ओल्या जाळ्यातला काटा सोडवत.
'रोज किती?'
सांगितला आकडा.
'आन् तुमाले?'
मुख्य संशोधकास मानधन देय नाही, मी म्हटलं.
म्हणजे शून्य.

ती हसली, इतकी
की पलीकडच्या बेशरमीतले बगळे उठले.
'मंग अकुशल तं तुमीच झाल्या नं, मॅडम,'
आणि डोंगा ढकलून
मला चढायला हात दिला.